छातीवरचा हिरवा दिवा

१२ डिसेंबर २०२४, नांदेड

"नांदेड-लातूरच्या संशोधक मित्रांनो, ज्यांचा प्रबंध गाईडच्या टेबलावर महिनोन्‌महिने पडून आहे, 'पुढच्या आठवड्यात बघू' याशिवाय ज्यांना दुसरं उत्तर मिळालेलं नाही, ज्यांची उमेदीची वर्षं एका सहीसाठी एका दाराबाहेर उभं राहण्यात गेली, त्या तुम्हा सगळ्यांशी मला बोलायचं आहे."

हे वाक्य आज दयानंद सरांच्या केबिनबाहेर बसल्या बसल्या सुचलं. अख्खी सकाळ बसलो. आतून सरांचा आवाज येत होता, बोलावणं आलं नाही. शेवटी शिपाई म्हणाला, "सर मागच्या दारानं गेले, तुम्ही कशाला बसून राहिलात?" माझा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा सारांश, उन्हाळ्यापासून त्यांच्याकडे आहे. वाचला का, हे विचारायचीही सोय नाही.

हे भाषण कुठे करायचं ते ठरलेलं नाही. माझं आजवर असंच झालं आहे, आधी वाक्य सुचतं आणि मग सभा सापडते.

डायरी आजपासून सुरू करतो, तेव्हा काम काय आहे ते लिहून ठेवतो. ज्यांचं हृदय कमजोर असतं त्यांच्या फुप्फुसात हळूहळू पाणी साचतं. दम लागेपर्यंत घरच्यांना कळत नाही आणि दम लागला की दवाखाना लांब पडतो. आम्ही छातीला बांधायचा एक पट्टा केला आहे. तो छातीतून अगदी बारीक, जाणवणारही नाही असा विजेचा प्रवाह सोडतो. पाण्यातून वीज सहज जाते, म्हणून पाणी वाढलं की पट्ट्याचा आकडा, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरतो. आकडा ठीक असेल तर हिरवा दिवा. उतरला तर लाल दिवा आणि शिट्टी. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं असं हे यंत्र आहे. विज्ञान लोकांच्या घरात शिरणार असेल तर असंच शिरलं पाहिजे.

पट्ट्यातली वीज इकरा बघते आणि आकड्यांचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम माझा. दोघांची पीएच.डी. बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये, दोघंही दयानंद सरांकडे. पट्टा शिवला इकराच्या अब्बांनी, लालमहंमद चाचांनी. इतवाऱ्यात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. परवा म्हणाले, "बेटा, तुम्ही दोघं डॉक्टर होणार, मग मला निदान कंपाउंडर तरी म्हणा."

१९ डिसेंबर, लातूर

पट्टे घरी दिलेल्या पेशंटना भेटायला आलो. दुपारभर गौरम्मा काकूंकडे होतो. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत घर, खाली चंद्रप्पा काकांचं लोखंडी सामानाचं दुकान. मला बघताच काका गिऱ्हाईकांसमोर म्हणाले, "या, या. आमचे पट्टेवाले आले."

तक्रार खरी होती. पट्टा दोनदा लाल झाला, शिट्टी वाजली, दोन्ही वेळा काकूंना ऑटोत घालून दवाखान्यात पळवलं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणले, मावशी ठणठणीत हायत, तुमचा पट्टाच आजारी हाय."

काकू आतून हसल्या. "तम्मा, कुत्रं पाळल्यावानी झालंय बघ. कवाबी भुंकतंय."

त्या माझ्या उदगीरच्या, आमच्याच गल्लीतल्या. बाळा म्हणावं तसं कानडीत तम्मा म्हणतात तेव्हा मला आईचा आवाज ऐकू येतो. शिट्टी का वाजते ते पाचच मिनिटांत कळलं. काकूंच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आहे, चांगली जड. ती सरकत सरकत पट्ट्याखाली जाते. चांदीतून वीज पाण्यापेक्षाही सहज जाते, आकडा धाडकन उतरतो आणि पट्ट्याला वाटतं छातीत पाणी भरलं.

मी विचारलं, "काकू, पट्टा बांधताना डबी काढून ठेवली तर?"

काकूंनी डबी मुठीत धरली. काका म्हणाले, "अरे, तू बी लिंगायताचाच ना? ऑपरेशनला बी न्हाई काढली तिनं. हाताला बांधून नेली."

मला माझीच लाज वाटली. दीक्षेच्या दिवशी गळ्यात आलेली वस्तू मरेपर्यंत गळ्यात राहते, हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

मग त्यांचा दिवस नीट विचारून घेतला. संध्याकाळी दिवा लावला की काकू पट्टा सोडून ठेवतात. "आडवं पडल्यावर काचतंय." सकाळी आंघोळ, मग लिंग तळहातावर घेऊन पूजा, मग डबी गळ्यात आणि तिच्यावर पट्टा. "आधी देव, मग तुझं यंत्र," असं म्हणाल्या. किती सुंदर क्रम आहे हा. भाषणात घ्यायला हवा.

२३ डिसेंबर, नांदेड

आज सर भेटले. मी डबीचा प्रश्न सांगितला. त्यांनी चष्माही वर केला नाही.

"असे किती पेशंट आहेत?"

"सर, लातूर-उदगीरकडे निम्म्याहून जास्त."

"वगळा. निकषात लिही, छातीवर धातूची वस्तू असणारे अपात्र."

वगळा. एका शब्दात एक अख्खा समाज यंत्राबाहेर. मी उभ्यानेच बोललो. स्टेथोस्कोप कसा जन्मला ते सांगितलं. एका डॉक्टरला बाईच्या छातीला कान लावायला संकोच वाटला, म्हणून त्याने कागदाची नळी केली. माणसाचा संकोच यंत्राने सांभाळला म्हणून ते यंत्र जगभर गेलं. "सर, माणूस यंत्राच्या मापाचा करायचा नसतो, यंत्र माणसाच्या मापाचं करायचं असतं."

सर म्हणाले, "तू चांगला बोलतोस, वीरेश. मला त्याचीच काळजी वाटते."

सिनॉप्सिसबद्दल विचारलं. पुढच्या आठवड्यात बघू.

४ जानेवारी २०२५

सुटलं. दहा-बारा दिवस डोकं फुटायची वेळ आली होती आणि आज एका ओळीत सुटलं.

पाणी कधी एकदम भरत नाही. ते साचत जातं, आकडा हळूहळू उतरतो. डबी लागते तेव्हा मात्र आकडा एका झटक्यात खाली येतो. तेव्हा पट्ट्याला एवढंच शिकवायचं: आकडा झटक्यात पडला तर ती डबी समज, आणि आकडा पुन्हा वर येईपर्यंत आधीचा शेवटचा चांगला आकडा धरून ठेव. दिवा हिरवा राहील, शिट्टी वाजणार नाही, डबी गळ्यातच राहील.

प्रयोगशाळेत स्वतःच्या छातीला पट्टा आणि गळ्यात आईची जुनी डबी बांधून सकाळपासून बसलो. डबी हलवली, उड्या मारल्या, वाकलो. दिवा एकदाही लाल झाला नाही.

इकराला दाखवलं. तिने प्रोग्रॅम ओळ न ओळ वाचला. म्हणाली, "चांगलंय. पण धरून किती वेळ ठेवायचं? काही हद्द घाल ना."

"हद्द घातली की पुन्हा शिट्टी. काकूंची डबी दुपारभर पट्ट्याखाली अडकलेली असते."

"आणि खरंच पाणी झालं तर?"

मी तिला सगळं पुन्हा समजावलं: पाणी हळू, डबी झटक्यात. दोन वेगळ्या चाली आहेत, यंत्राला चाल ओळखता येते. माझ्या मते मी ते फार स्वच्छ मांडलं. ती म्हणाली, "तू बोलतोस तेव्हा पटतं. घरी गेल्यावर पुन्हा शंका येते." मग तिने स्वतःसाठी एक गोष्ट मागून घेतली: दिवा काहीही दाखवो, पट्ट्याने मूळ आकडेही साठवून ठेवायचे. म्हटलं ठेव. शंका घेणं हा तिचा स्वभाव आहे. तिच्यात धग कमी आहे.

१६ जानेवारी

सरांनी सगळे पट्टे परत मागवले. म्हणे, नियम बदलला म्हणजे यंत्र बदललं, आता तीन महिने दवाखान्यात डॉक्टरांसमोर तपासू, मग घरी देऊ. तीन महिने म्हणजे सरांचे तीन महिने, ज्यांना कॅलेंडर नसतं. याच माणसाने पेशंटच वगळा म्हटलं होतं. वगळता आले नाहीत, म्हणून आता लांबवायचं.

इकरा म्हणते, "या एका गोष्टीत सर बरोबर असतील तर?"

मी म्हटलं, "जो माणूस सात-आठ महिने एक सिनॉप्सिस वाचत नाही, तो एका दिवसात काळजीवाहू कसा झाला?"

तिने पट्टे मोजायला घेतले. वादात ती नेहमी गप्प होते आणि मग आपण जिंकल्याचा आनंद होत नाही.

संध्याकाळी हारिसला भेटलो. तो केमिस्ट्रीचा, सातवं वर्ष, संशोधक विद्यार्थ्यांना एकत्र करायचं तोच बघतो. म्हणाला, "आमच्याकडे माणसं हायत, रडगाणी हायत, पण बोलणारा न्हाई. तू बोल." सभा सापडली.

२९ जानेवारी

आजचा दिवस विसरायचा नाही.

प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांवर बसलो. कंधार, नायगाव, लातूर, कुठून कुठून पोरंपोरी आली होती. एक बाई कडेवर लेकरू घेऊन आली होती. तिने पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा तिचं लग्नही झालेलं नव्हतं. मी डिसेंबरातलं वाक्य पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं आणि ते खाली उतरताना दिसलं, एकेका चेहऱ्यावर.

गौरम्मा काकूंचं बोललो. "लातूरच्या एका गल्लीत एक आई पट्ट्याची वाट बघते आहे. पट्टा तयार आहे. अडलंय कुठे? एका सहीत. उद्या त्या माउलीला काही झालं तर जबाबदार कोण?" लोकांनी सरांचं नाव घेतलं. मी घेतलं नव्हतं. मला घ्यावं लागलं नाही.

दुपारी आत बोलावलं. मोठे साहेब, दोन प्राध्यापक आणि कोपऱ्यात दयानंद सर. सरांचा चेहरा उतरलेला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांच्या सिनॉप्सिसवर मुदतीत निर्णय द्यायचं मान्य केलं. पट्टे पुन्हा घरी द्यायच्या कागदावर सही करताना सरांनी पेन उचलून धरलं आणि मला विचारलं, "तुला खात्री आहे?"

मी म्हटलं, "सर, प्रश्न खात्रीचा नाही, न्यायाचा आहे."

त्यांनी सही केली.

इकरा आली नाही. प्रयोगशाळेत होती. बाहेर आल्यावर पोरांनी मला खांद्यावर घेतलं तेव्हा वरच्या खिडकीत ती उभी दिसली. भीती माणसाला किती लहान करते.

६ फेब्रुवारी, लातूर

पट्टे पुन्हा घरोघरी. लातूर, औसा, उदगीर. गौरम्मा काकूंना मी स्वतः बांधला. हिरवा. डबी मुद्दाम पट्ट्याखाली सारली. हिरवाच. काका म्हणाले, "आता कुत्रं शिकलं म्हणायचं." काकूंनी धपाटे बांधून दिले. बसमध्ये खाल्ले. इतकं शांत वाटून किती दिवस झाले.

१८ फेब्रुवारी

रोज कुठून ना कुठून बोलावणं येतं. काल नायगाव, त्याआधी देगलूर. इकरा म्हणते, पट्ट्यांतले मूळ आकडे एकदा उतरवून घेऊ, लातूरला चल. मी म्हटलं, शिट्टीची एकही तक्रार नाही, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? ती म्हणाली, "तक्रार नाही म्हणूनच." सगळ्याच गोष्टींत काही ना काही शोधणारी माणसं असतात. कंधारची सभा झाली की जाऊ म्हटलं.

२७ फेब्रुवारी, कंधार

इथल्या कॉलेजात छान झालं. हॉल भरून पोरं बाहेर व्हरांड्यात उभी होती.

बोलायला उठायच्या आधी चंद्रप्पा काकांचा फोन. "वीरेश, हिचे पाय जरा सुजल्यात. कालचा शिवरात्रीचा उपवास, त्यात खारं काई खाल्लं असंल. झोपताना दोन उशा लागायल्यात. दवाखान्यात न्यावं का?"

"काका, दिवा कोणता आहे?"

"हिरवा हाय."

"छातीत पाणी असतं तर लाल झाला असता. सिद्धेश्वराच्या यात्रेत चालणं झालं असेल, त्यानेही पाय सुजतात. घाबरू नका. सोमवारी मी येतोच आहे."

"तू म्हणतोस तर ऱ्हाऊ दे मग. ती बी न्हाईच म्हणायली, हिरवा हाय म्हणती."

पूर्वी हेच लोक दोनदा धावत सुटले होते. यंत्राने घराला शांतता दिली, हे आजच्या भाषणात आयत्या वेळी घातलं. टाळ्या पडल्या.

१ मार्च

गौरम्मा काकू गेल्या.

सकाळी दम लागला, ऑटोत घातलं, दवाखाना आला तेव्हा त्या नव्हत्या.

२ मार्च, लातूर

आमच्यात बसवून नेतात. काकूंना पाटावर बसवलं होतं, पाठीशी आधार, कपाळाला विभूती. नेहमी त्या बसल्या बसल्याच बोलायच्या, त्यामुळे आत्ता काहीतरी म्हणतील असं वाटत राहिलं. जंगम स्वामींनी गळ्यातली डबी उघडली आणि लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटेनात. काकांनी ती एकेक करून मिटवली.

खड्ड्यात बसवलं. बेलाची पानं, विभूती, मग माती. मीही मूठभर टाकली.

परतताना काका माझ्या बरोबरीने चालत होते. रडत नव्हते. म्हणाले, "ऑटोत बी हिरवाच होता, वीरेश. मी तिला म्हणत होतो, बघ, हिरवा हाय, घाबरू नगं."

मला काही सुचलं नाही. हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

काकांनी पट्टा पिशवीत घालून दिला. धुऊन दिला होता.

३ मार्च, नांदेड

हृदय फार कमजोर होतं. डॉक्टरांनीच काकांना तसं सांगितलं होतं. ते कधी तरी होणारच होतं. पट्टा सावध करतो, बरं करत नाही. हे सगळं खरं आहे. सकाळपासून हेच स्वतःला ऐकवतो आहे आणि चांगलं मांडतो आहे, मुद्देसूद.

पट्टा इकराला दिला. पिशवीला साबणाचा वास येत होता.

५ मार्च

इकराने पडद्यावर दोन रेघा काढल्या. वरची सरळ, हिरवी. खालची जिन्यासारखी उतरत गेलेली.

"वरची तुझी," ती म्हणाली. "खालची काकूंची."

मला कळेना. पाणी तर हळूहळू साचतं, मग नियमाने ते झटका म्हणून का धरलं?

ती बोट ठेवून दाखवत गेली. संध्याकाळी काकू पट्टा सोडून ठेवायच्या. रात्रभर पट्टा खुंटीवर. आडवं पडल्यावर छातीत पाणी वाढायचं, हळूहळूच, पण ते बघायला पट्टा छातीवर नव्हताच. सकाळी पूजा झाल्यावर पुन्हा बांधला की पट्ट्याला दिसायचं, कालचा आकडा वर आणि आजचा एकदम खाली. झटका. म्हणजे डबी. म्हणजे कालचा चांगला आकडा धरून ठेव. दुसऱ्या सकाळी आणखी खाली, पुन्हा तेच. आकडा वर आलाच नाही, म्हणून पट्ट्याने धरलेला सोडलाच नाही. शेवटच्या आठवड्यात काकूंच्या छातीवर जो दिवा होता तो जुन्या, बऱ्या दिवसाचा होता.

प्रयोगशाळेत मी पट्टा दिवसभर बांधून बसलो होतो. सोडून पुन्हा बांधला नव्हता. आणि काकू कधी सोडतात, कधी बांधतात, हे मला ठाऊक होतं. मी ते लिहूनही ठेवलं होतं, सुंदर म्हणून.

इकराला म्हटलं, "तू हे तेव्हा जोर देऊन का नाही सांगितलंस?"

तिने पडदा बंद केला. म्हणाली, "मी सांगत होते वीरेश. तू उत्तर देत होतास."

असेच पट्टे अजून बऱ्याच घरांत आहेत. ज्यांच्या गळ्यात डबी आहे त्यांच्याकडेच नव्हे, नियम सगळ्याच पट्ट्यांत आहे.

६ मार्च

सकाळीच आम्ही दोघं सरांकडे. आज लगेच आत घेतलं. सरांनी दोन्ही रेघा पाहिल्या. "मी तीन महिने मागितले होते," एवढंच म्हणाले. मी मान खाली घातली नाही. त्यांनी त्या दिवशी डबीवाल्यांना वगळा म्हटलं नसतं, वर्षभर सगळ्यांना दाराबाहेर ताटकळत ठेवलं नसतं, तर मी त्या तीन महिन्यांवर विश्वास ठेवला असता. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "असेल तसं."

मग सरांनी ठरवल्यासारखं बोलायला सुरुवात केली. माणसांवरचे प्रयोग तपासणाऱ्या नीतीसमितीची बैठक महिनाअखेरीस आहे. तोवर बाहेर कुणाशी बोलायचं नाही. घरोघरी भीती पसरली तर नको ते होईल. कॉलेजवर येईल, दवाखान्यावर येईल. "आणि तुझा सिनॉप्सिस मंजूर झाला आहे. कालच सही केली."

इकराने विचारलं, "सर, महिनाअखेरपर्यंत पट्टे?"

"राहू देत. अचानक काढले तर लोक विचारतील."

बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार कोणता आला, ते लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो: सिनॉप्सिस मंजूर झाला.

७ मार्च

हारिसला सांगितलं. स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा तसाच राहिला.

तो म्हणाला, "तू आता बोललास तर सर काय म्हणतील माहितीये? बघा, मी थांबा म्हणत होतो, यांनीच पायऱ्यांवर बसून सही घेतली. ते लेकरू घेऊन आलेली बाई, तिचा प्रबंध आता कुठं हलायलाय. सगळं मातीत जाईल. तीन आठवड्यांचाच प्रश्न हाय ना भाई?"

"तीन आठवड्यांत आणखी कुणी गेलं तर?"

"कशावरून जाईल?"

त्याचं चूक नाही. पायऱ्यांवर मांडलेली प्रत्येक व्यथा खरी होती. मीच त्या सगळ्या खऱ्या व्यथांच्या टोकाला माझी एक खोटी खात्री बांधली.

तिथून सरळ इतवाऱ्यात गेलो. इकरा दुकानातच होती. चाचा मशीन थांबवून बसले होते. त्यांना सगळं कळलं होतं. म्हणाले, "बेटा, मी शिवताना हुक मागं ठेवले, काढायला-घालायला सोपे जावेत म्हणून. ते चुकलं का माझं?" नाही म्हटलं, चाचा. माणसाने काढूच नये असा पट्टा शिवता येत नाही.

पट्टे घेतलेल्या सगळ्या घरांचे फोन नंबर आमच्याकडे आहेत. माझ्या आवाजात निरोप पाठवायचं ठरवलं. मी कागदावर लिहून काढलं आणि वाचून दाखवलं. चांगलं झालं होतं. संशोधनातली दिरंगाई, सत्तेचं मौन, विज्ञान आणि श्रद्धा यांचं नातं, आणि या व्यवस्थेने आपल्या दोघांचीही, तुमची आणि माझी, कशी फसवणूक केली.

इकरा म्हणाली, "हे भाषण आहे."

"मग?"

"ऐकणारी एखादी म्हातारी असेल. तिची सून असेल. त्यांनी काय करायचं ते सांग. बाकीचं सगळं काढ."

मी म्हटलं, निदान सही कशी झाली तेवढं तरी. ती म्हणाली, "ते समितीला सांग. मी येते तुझ्याबरोबर. आता हे."

पान फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा लांबलं. तिने कागद ओढून घेतला आणि मधलं सगळं खोडलं. उरलं ते मी बोललो. पहिल्यांदा आवाज सभेसारखा चढला, म्हणून पुसून पुन्हा बोललो. चाचांनी दाराशी जाऊन रस्त्यावरच्या पोरांना गप्प केलं. जे गेलं ते असं:

"नमस्कार. मी वीरेश, तुमच्या घरी छातीचा पट्टा देणारा. पट्ट्यात चूक आहे आणि ती माझी आहे. छातीत पाणी झालं असलं तरी तो हिरवा दिवा दाखवतो. लातूरच्या एक काकू त्यामुळे वेळेवर दवाखान्यात पोचल्या नाहीत. दिव्याकडे बघू नका, माझ्या फोनची वाट बघू नका, बरं वाटत असलं तरी थांबू नका. आपल्या माणसाला आज, आत्ता, डॉक्टरकडे न्या आणि छाती तपासून घ्या."